खुर्चीबाई आणि विमा कंपनीची इमारत

बाई आर्किटेक्ट होत्या, पण ऑफिसात सगळे त्यांना खुर्चीबाई म्हणत. कुठल्याही इमारतीचं काम आलं की त्या आधी तिथल्या माणसांच्या जुन्या जागेत जायच्या आणि मिळेल त्या खुर्चीत तास-दोन तास बसायच्या. मग उठून दुसऱ्या खुर्चीत. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या खुर्च्यांत गेली होती.

शहर चहूबाजूंनी वाढत होतं. एका विमा कंपनीने नवी इमारत बांधायचं काढलं. तिथली माणसं आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात येत आणि दोन दिवस घरून काम करत. संचालकांचं म्हणणं एकच, "लोकांना घर सोडून यावंसं वाटलं पाहिजे." त्यासाठी त्यांनी कुठल्याशा ऑफिसचे फोटो आणले होते. मोठा मोकळा हॉल, भिंती नाहीत, बसायला रंगीत गुबगुबीत पिशव्या. फोटोतली माणसं हसत होती. काम कुणी करत नव्हतं.

बाईंचे साहेब फोटोंवर बेहद्द खूश झाले. दुसऱ्या दिवशी बाई विमा कंपनीच्या जुन्या ऑफिसात जाऊन बसल्या.

मंगळवारी तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. शुक्रवारी अख्ख्या मजल्यावर सात माणसं, आणि एसी मात्र दोनशे जणांचा. सातांपैकी तिघी शाल पांघरून काम करत होत्या. सातवे गृहस्थ जिन्यात सापडले. ते विम्याचे दावे तपासत. मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन.

फोन संपल्यावर बाईंनी विचारलं, "इथे का बसलात?"

"आत बोललं की सगळे ऐकतात."

"मग आज घरून का नाही केलंत?"

"घरी खोल्या दोन, माणसं सहा. एका खोलीत बायको शिकवण्या घेते. दुसरीत सासूबाई टीव्ही बघतात. त्यांना कमी ऐकू येतं." गृहस्थ जरा सरकून बसले. "जिना बरा. फक्त पाठीला पायरी टोचते."

"नव्या इमारतीत काय हवं तुम्हाला?"

गृहस्थांनी बराच विचार केला. "दार. बंद होणारं." मग संकोचून म्हणाले, "आणि उघडणारी खिडकी. जमलं तर."

बाईंनी आणखी चाळीस जणांना विचारलं. पिशवी कुणीच मागितली नाही.

त्यांनी नकाशा काढला. खिडक्यांकडेने दोघा-दोघांच्या छोट्या खोल्या, मधे लांब टेबलं, आणि माणसं नसतील तो भाग सोडून एसी चालवायची सोय. साहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"बाई, हॉल कुठाय?"

"त्या पिशवीत बसून कुणी काम करून बघितलंय का, साहेब?"

"बसण्यात काय बघायचंय?"

वाद घालणं बाईंना जमत नसे. त्यांनी दुकानातून नमुन्याची एक पिशवी मागवली आणि संचालकांना म्हणाल्या, "एक दिवस यात बसून काम कराल? लोकांनाही सांगता येईल." संचालकांना कल्पना पसंत पडली.

साडेनऊला ते बसले. माणूस सहा फुटी, अंगाने भरलेला. दहा वाजेपर्यंत गुडघे कानांशी आले होते. साडेदहाला लॅपटॉप घसरला. अकराला टेबलावरचा फोन वाजला आणि टेबल फार उंचावर आहे असं लक्षात आलं. संचालकांनी उठायचा तीनदा प्रयत्न केला. मग हाक मारली. एका हाताला बाई आणि दुसऱ्या हाताला झाडलोट करणाऱ्या मावशी लागल्या.

"जोर लावा की!" मावशी म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

संचालक उभे राहिले. शर्ट नीट केला, कमरेवर हात ठेवला. "थोडा वेळ बसायला उत्तम आहे," ते म्हणाले.

"साधारण किती वेळ?" बाईंच्या हातात पेन होतं.

"नऊ मिनिटं."

बाईंनी लिहून घेतलं. फोटोतला हॉल पाव झाला, बाकी जागेत खोल्या आल्या.

इमारत दोन वर्षांनी उभी राहिली. उद्घाटनाच्या भाषणात साहेबांनी छोट्या खोल्यांची कल्पना आपल्याला कशी सुचली ते सविस्तर सांगितलं. मागच्या रांगेत बाईंनी टाळ्या वाजवल्या, जरा कमीच.

सहा महिन्यांनी, कुणी बोलावलेलं नसताना, त्या पुन्हा गेल्या. खोल्या भरलेल्या होत्या, दारं बंद होती. मंगळवारची गर्दी मात्र तशीच होती. तिचं बाईंना काही करता आलं नव्हतं. पश्चिमेच्या खोल्यांत चार वाजता ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. नकाशात तिथे एका झाडाची सावली धरली होती. ते झाड रस्तारुंदीत गेलं होतं. लोकांनी काचेला वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि तक्रार कुणीही केली नव्हती. बाईंच्या जिवाला ते फार लागलं. त्या रात्री जेवताना त्या दोनदा म्हणाल्या, "झाडावर विसंबायला नको होतं."

महिनाभर साहेबांच्या मागे लागून त्यांनी सहा खिडक्यांवर बाहेरून छज्जे बसवून घेतले. एक कलता बसला होता. तो त्यांनी उतरवायला लावला आणि पुन्हा बसेपर्यंत खाली रस्त्यावर उभ्या राहिल्या.