सोमवारचा फोन

मे १९७८, दुसरा रविवार. स्थळ – आमचं घर, लखनौची महानगर वसाहत. हजर – तिवारीजी, अन्सारीभाई, मेश्राम आणि मी. गैरहजर – आमचे हे. अमौसीला विमानतळावर त्यांची ड्यूटी होती. उशिरा आलेला – देवा, हातात एक बॅग आणि बुटांची पिशवी.

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगू शकते. कोण आलं, कोण नाही, कोणाकडे कुठलं काम – हे माझ्या डोक्यात कायम तयार असतं. पण त्या रविवारनंतरचा सोमवार मी आजवर कोणापुढे काढलेला नाही. ह्यांच्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही देवाला ओळखत नाही म्हणून असेल. त्याला ओळखणाऱ्या माणसापुढे माझी जीभ रेटत नाही.

आधी फुटबॉलचं सांगते. – हे टाळणंच आहे, मला कळतं. पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमचा संघ म्हणजे लखनौच्या एका कारखान्याचा संघ. खेळाडू कागदावर कारखान्याचे नोकर, पण पगार खेळायचा. सीझन संपला की मे महिन्यात सह्यांचा आठवडा यायचा. त्या आठवड्यात असोसिएशनच्या कचेरीत जाऊन खेळाडू ज्या संघासाठी सही करील, त्या संघाचा तो वर्षभर. आज आपला, उद्या समोरच्यांचा. म्हणून मे महिन्यात मैदान रिकामं असलं तरी आमच्यासारख्यांना झोप नसायची. माझे वडील कामठीचे. नागपूरजवळच्या त्या गावात मुलं चालायला लागली की बॉल मारतात. मला हे वेड तिथलंच. लग्न होऊन लखनौला आले, सरकारी नोकरी लागली, वेड सुटलं नाही.

बैठकीची रीत अशी – मी एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ‘राहील’ किंवा ‘जाईल’ म्हणायचं, आणि मग भांडायचं.

त्या रविवारी गोलकीपरचं नाव घेतलं तर अन्सारीभाई म्हणाले, “जाए तो अच्छा ही है, बहनजी. गेंद बाद में देखता है, कंघी पहले.” अन्सारीभाईंचं अमीनाबादला कापडाचं दुकान, माणसाचं माप ते नजरेनंच घ्यायचे. तिवारीजी रेल्वेतून निवृत्त, त्यांना सगळं वेळापत्रकासारखं हवं असायचं. “लेफ्ट हाफ कलकत्ते जा रहा है. पक्की खबर.” मेश्राम पोस्टातला, आमच्याच विहारात येणारा. तो म्हणाला, “ताई, तिवारीजींची पक्की खबर म्हणजे त्यांच्या गाड्या. दरवर्षी कलकत्त्याला निघतो, कानपूरलाच उतरतो.” तिवारीजींना मराठी कळत नव्हतं, पण आपल्यावर हसतायत एवढं कळायचं. “हँस लो, हँस लो. फायनल में रोते हो तब भी मैं ही रूमाल देता हूँ.”

मग देवाचं नाव आलं, आणि कोणी हसलं नाही. देवा राहिला तर संघ राहिला, देवा गेला तर बाकीच्या दहा जणांची नावं कशाला घ्यायची? पलीकडच्या संघाची माणसं तीन दिवस त्याच्या खोलीभोवती घिरट्या घालत होती.

तेव्हा एक रिवाज होता – खेळाडू सांभाळायचा. सहीच्या दिवसापर्यंत त्याला कोणाच्या तरी घरी ठेवायचं. पत्ता कोणाला नाही, भेट कोणाची नाही. दुसरे त्याला पळवणार नाहीत, एवढाच हेतू. आणि पळवणाऱ्यांचाही एक ठरलेला डाव होता. निरोप पाठवायचा – आई सीरियस आहे, लगेच निघा. पोरगा घाबरून स्टेशनवर आला की तिथून थेट त्यांच्या गाडीत. अन्सारीभाई म्हणायचे, मे महिना आला की साऱ्या हिंदुस्थानच्या आया एकदम आजारी पडतात.

तोवर खेळाडू सांभाळायचं काम पुरुषांकडे असायचं आणि दरवर्षी कोणीतरी घोळ घालायचं. त्या वर्षी तिवारीजी म्हणाले, “इस बार बहनजी के ज़िम्मे.” मला काय वाटलं म्हणून सांगू? एवढी वर्षं त्यांचा चहा करत, नावं वाचत, मधेच एखादं मत देत बसले होते मी. त्या दिवशी पहिल्यांदा काम माझ्यावर सोपवलं गेलं. मी लगेच ठरवून टाकलं – देवा मागच्या खोलीत राहील, कूलर तिकडे हलवायचा, दूधवाल्याला दूध वाढवायला सांगायचं नाही, नाहीतर त्याला संशय येईल. असं सगळं. बारीकसारीक काही सुटलं नाही.

देवा कामठीचा. म्हणून तर मला ताई म्हणायचा. घरी माय आणि धाकटी बहीण शकुन. गावाकडे कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता, कायम होणार होता, ते सोडून लखनौला बॉलमागे आला. निघाला त्या दिवशी माय दारापर्यंतसुद्धा आली नाही. चुलीकडे तोंड करून बसून राहिली. पाठवलेले पैसे घ्यायची, पण पत्रात तिचा शब्द नसायचा. जेवताना त्यानं हे सांगितलं आणि वर हसला – “माय हाय माझी, किती दिवस रागवंल?” मग विचारलं, “ताई, इथला फोन नंबर घरी कळवू? फक्त घरी.” ह्यांच्या नोकरीमुळे आमच्याकडे फोन होता. रिवाजात बसत नव्हतं, पण मी हो म्हटलं. कामठीतल्या दुकानात फोन लावून त्यानं शकुनला नंबर दिला.

म्हणजे बघा – देवा माझ्याकडे आहे हे आमची बैठक आणि त्याचं घर सोडून कोणालाही माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

सोमवारी मी रजा घेतली होती. दुपारी लू सुटलेली, दारं-खिडक्या बंद. देवा आत आंबा चोखत बसला होता. ट्रंक कॉल आला. लांबचा, खरखरणारा आवाज, एका मुलीचा. “ताई, मी शकुन बोलतो. दादाले सांगा, मायचं काही खरं नाही. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. दादाले आजच निघ म्हना.” मी काही बोलण्याआधी ती म्हणाली, “आन् मायनं निरोप देल्ला – माहा राग गेला म्हना त्याले. येवढं नक्की सांगा ताई, ती सारखं तेच म्हनून राह्यली.”

दादाला बोलवा, असंही ती म्हणाली. मी म्हटलं – तो बाहेर गेलाय, आला की सांगते.

तो दहा पावलांवर होता. आंब्याची कोय बशीत टाकल्याचा आवाज मला ऐकू आला.

मला हा पलीकडच्यांचा डाव वाटला, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. लखनौतल्या कुठल्या माणसानं कामठीची मुलगी उभी केली असती? नंबर कुठून आणला असता? चुलीकडे तोंड करून बसलेल्या मायचा राग त्यांना कसा कळला असता? मला त्या क्षणी माहीत होतं की हे खरं आहे. आणि त्याच क्षणी मी हिशेब केला – सही बुधवारी. दोन दिवस. म्हातारी माणसं दोन दिवस काढतात.

असा हिशेब कोण करतं? मी केला. उभ्या उभ्या, रिसीव्हर ठेवायच्या आत.

संध्याकाळी तिवारीजी आणि अन्सारीभाई चौकशीला आले. देवा मागे झोपला होता. मी हळूच सांगितलं – फोन आला होता, आई सीरियस म्हणून. अन्सारीभाईंनी टाळी दिली. “लो, आ गई अम्मा!” तिवारीजी मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “बहनजी, पक्का है न, वही लोग हैं?” माझ्या एका शब्दावर त्यांनी त्याला उठवून स्टेशनवर पोचवलं असतं, गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, “पक्का.”

रात्रीच्या गाडीनं निघाला असता, झाशीला गाडी बदलली असती, तर मंगळवारी दिवस मावळायच्या आत घरी असता. माय मंगळवारी रात्री गेली.

बुधवारी देवानं आमच्या संघासाठी सही केली. अन्सारीभाईंनी हार आणला होता, मेश्रामनं पेढे. पेढा त्याच्या तोंडात असताना मी त्याला फाटकापाशी बाजूला घेतलं आणि सांगितलं, कचेरीला निघताना तुझ्या घरून फोन आला, मायची तब्येत बरी नाही. तो पेढा त्यानं गिळला की थुंकला – मला आठवत नाही. गळ्यातला हार मात्र काढून माझ्या हातात दिला. तिवारीजींनी विचारलं, परवाचा फोन? मी म्हटलं, परवाचा खोटा, आजचा खरा. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आता ते नाहीत.

इथे थांबले असते तर कदाचित एका दिवसाचं पाप म्हणता आलं असतं. पण पुढचं आहे.

देवा पंधरवड्यानं परत आला. गावी पोचला तेव्हा राख थंड झाली होती. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, “ताई, शकुन माझ्याशी बोलत नाही. म्हणते सोमवारी सांगितलं होतं, तू सही करून आला. सगळ्या गल्लीसमोर म्हणाली. मी म्हटलं बुधवारी फोन आला, तर म्हणते खोटारडा.” मी पोळी लाटत होते. मग त्यानं विचारलं – आणि त्याचा चेहरा मी तुम्हाला कसा दाखवू? – “ताई, तुम्हीच सांगा. बुधवारीच ना?”

तवा तापलेला होता. मी पोळी टाकली.

“बुधवारीच,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला. सख्खी बहीण खोटी आणि मी खरी. “दुःखानं डोकं फिरलं असेल तिचं,” तो म्हणाला, आणि जेवला. तुम्ही म्हणाल, तिनं त्याला निरोपाचं सांगितलं नसेल का? नाही सांगितलं. तिच्या लेखी तो निरोप त्याला सोमवारीच मिळाला होता. निरोप मिळूनही जो आला नाही, त्याला पुन्हा काय सांगायचं?

पहिल्या वेळी मी घाईत होते, गर्वात होते, काय हवं ते म्हणा. दुसऱ्या वेळी काही नव्हतं. सही होऊन गेली होती. संघाचं काही अडलं नव्हतं. एका शब्दानं त्याची बहीण त्याला परत मिळाली असती, मायही मिळाली असती. अडलं होतं फक्त एवढंच, की मी त्याच्या नजरेतून उतरले असते. ते नको म्हणून मी त्याचं घर मोडू दिलं.

त्या वर्षी आम्ही जिंकलो का? तुम्ही विचारणारच, फुटबॉलवाले सगळे विचारतात. नाही. सेमीफायनलला हरलो. देवानं पेनल्टी बाहेर मारली. अन्सारीभाई महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

शकुनचं लग्न झालं, त्याला बोलावणं आलं नाही. त्याचं झालं, ती आली नाही. त्याचा गुडघा गेला, तो स्टोअरमध्ये कारकून झाला. कारखान्यानं संघच बंद करून टाकला. तरी आम्ही मे महिन्यात जमतो. आता १९८९ आहे. मागच्या रविवारी बसलो होतो. हजर – अन्सारीभाई, मेश्राम, देवा, मी. राहील-जाईल करायला कोणी उरलेलं नाही, म्हणून जुनी नावं घेतो, मेलेल्यांचीही, आणि त्यांच्यावरून भांडतो. अन्सारीभाई आता सगळ्यांनाच ‘राहील’ म्हणतात.

बोलता बोलता सह्यांच्या आठवड्यांचा विषय निघाला. मेश्राम म्हणाला, तेव्हाच्या त्या आजारी आया! आणि त्यानं जीभ चावली. देवा हसला. मग खाली बघत म्हणाला, “माझी मात्र खरीच होती. रागातच गेली.” दरवर्षी एकदा तरी म्हणतो. अकरा वर्षं मी ते ऐकते आणि उठून चहाचे कप गोळा करते.

त्या दिवशीही केले. तो मागोमाग आत आला, कप विसळायला लागला. आम्ही दोघंच होतो. नळाचं पाणी चालू होतं. सांगायला किती लागतं? चार शब्द आहेत. त्यानं कप पालथे घातले, हात पुसले, “येतो ताई” म्हणाला आणि गेला.

या आठवड्यातली कामं – कूलरमधली वाळ्याची खस बदलून झाली. ह्यांच्या पेन्शनचे कागद गेले. मेश्रामच्या मुलीच्या लग्नाची साडी अन्सारीभाईंच्या दुकानातून आणली.

देवाला मायचा निरोप द्यायचा आहे.