वळकटी, होल्डॉल, बिस्तरबंद

वळायची म्हणून वळकटी, इतका तो शब्द सरळ आहे. सतरंजी पसरा, तिच्यावर गाद्या, उशा, चादरी घाला आणि एका टोकाकडून घट्ट वळत जा. आई जळगावची, तिच्या तोंडी हाच शब्द. वडील लखनौला संशोधक. ते ऐटीत 'होल्डॉल' म्हणत, कारण आमच्या वळकटीला खाकी कॅनव्हासचं कव्हर आणि दोन चामडी पट्टे होते. लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारच्या चाची म्हणत बिस्तरबंद, तो फारसीकडचा, बिस्तर बांधून ठेवणारा. नावं तीन, ओझं एकच, आणि तिथल्या चारबाग स्टेशनच्या हमालाला ते कुठल्याही भाषेत जडच.

हल्ली गाडीतच पांघरूण मिळतं. वस्तू गेली, मागोमाग शब्दही गेला. मला मात्र वळकटीतल्या डांबरगोळ्यांच्या वासाची अजून ओढ लागते. तो वास आला की समजायचं, आजोळी जायचं.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आईने वळकटी फारच लवकर बांधली. आजोबांची नजर झपाट्याने जात चालली होती. 'दिसतंय तोवर एकदा येऊन जा,' असा त्यांचा निरोप होता. इकडे वडिलांची रजा काही मंजूर होईना. आज होईल, उद्या होईल करता करता निम्मा मे सरला. चांगल्या गाद्या वळकटीत, आणि आम्ही गच्चीवर चटयांवर. चाचींनी शेवटी विचारलंच, "भाभी, ये बिस्तरबंद खुलेगा भी कि नहीं?"

"हाँ हाँ, जलगाँव में खुलेगा," आई म्हणाली.

एका दुपारी वडील जेवायला आले आणि चपला न काढताच म्हणाले, "अगं, रजा नाही मिळाली."

आईने पट्टे सोडले आणि एकेक गादी बाहेर काढली. आजोळ बुडालं म्हणून मी भोकाड पसरलं. वडिलांची आणि आम्हा मुलांची अंथरुणं तिने पलंगावर टाकली आणि उरलेली एकच गादी पुन्हा वळायला घेतली.

"हे काय आता?"

"मी जाऊन येते."

"एकटी? झाशीला गाडी बदलावी लागते."

"मग बदलीन. विचारायला तोंड आहे ना मला."

तोवर ती एकटी कधी चौकातसुद्धा गेली नव्हती. वळकटी इतकी बारीक झाली की पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैलच राहिले. वडिलांनी मुकाट्याने वरून सुतळी बांधली.

ती नव्हती तेव्हा घर खायला उठायचं. गच्चीवर मऊ गादी मिळाली होती, पण मला ती नको होती, आई हवी होती.

जून लागल्यावर ती आली. वडिलांनी दारातच विचारलं, "दिसलीस का त्यांना?"

"दिसले. लांबूनच म्हणाले, हिरवी साडी तुला शोभते गं," आई म्हणाली आणि तिथेच वळकटीवर बसून हुंदके देऊन रडायला लागली.