पालथी डिक्शनरी

माझा स्वभाव मुळातच संशयी. त्यात पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. गल्लीत कोणी कोणाशी मोकळेपणानं बोलत नसे. कॉलेजात असताना शहागंजातल्या जुन्या बाजारात मला एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी मिळाली. शहर सोडून गेलेल्या कुणाच्या तरी घरातली असावी. तिनं मला पार वेड लावलं. आयुष्यात कधी उपयोगी पडणार नाही असा शब्द सापडला की माझा दिवस चांगला जाई. माणसाला खिडकीतून बाहेर फेकण्यासाठी इंग्रजीत 'डिफेनेस्ट्रेशन' असा स्वतंत्र शब्द आहे हे कळलं, तेव्हा हे लोक असं किती वेळा करत असतील, असा मला संशय आला.

मग ती डिक्शनरी मला फडताळात पालथी सापडू लागली. मी नेहमी सुलटी ठेवत असे. शेवटच्या पानांचे कोपरे मळले होते, दुमडले होते. कोणीतरी तिला हात लावत होतं.

माझा संशय मामावर. फुलंब्रीहून नोकरी शोधायला येऊन तो आमच्याकडं राहिला होता. एक दिवस तो ही डिक्शनरी बाजारात विकून येईल, अशी मला खात्रीच होती. मी त्याला आडून आडून विचारलं.

"मला काय करायचंय रं तुझ्या पोथीचं?" तो म्हणाला. "उशाला घ्यावी तर लई टणक."

तो हसला, त्यामुळे माझा संशय वाढलाच.

वडील तहसिलीत कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. आता राजवट बदलल्यावर दफ्तर इंग्रजीत चालू लागलं होतं आणि इंग्रजीची परीक्षा पास झाले नाहीत, तर त्यांना खालच्या जागेवर बसावं लागणार होतं. हा विषय घरात काढायची सोय नव्हती. माझ्या हातात डिक्शनरी दिसली की ते म्हणत, "लुगत पाठ करून कोणी शहाणं होत नसतं." त्यामुळे त्यांच्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

एका सुट्टीच्या दुपारी मामाला पकडायचं म्हणून मी बाहेर जातो असं सांगून लगेच परत आलो. मामा ओसरीवर घोरत होता. आत गादीवर वडील डिक्शनरी घेऊन पुटपुटत बसले होते. उर्दू पुस्तक जिथून उघडतं, तिथून, म्हणजे शेवटच्या पानाकडून त्यांनी ती उघडली होती. एबीसी त्यांना येत होती, पण हाताची सवय जुनी. हातानं उघडलं तिथून ते पाठ करत सुटले होते. 'झीनिथ' झालं होतं, 'यीस्ट' झालं होतं. अर्जाला काय म्हणतात, ते अजून फार लांब होतं.

मला हसू आलं नाही. वाईट वाटलं, आणि रागही आला.

"बाबा, मला का नाही विचारलं?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुला विचारलं तर उस्ताद तू. मग या घरात बाप कोण?"

मी त्यांच्या हातातली डिक्शनरी घेतली, सुलटी केली आणि पहिलं पान उघडलं. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते, मी मनातून हसतोय की काय, ते चाचपत.

"तुझ्या मामाला कळता कामा नाय."

"नाही कळणार."

मग ते गादीवरून उठले, समोर नुसत्या फरशीवर मांडी घालून बसले आणि गादीकडं हात करून मला म्हणाले, "बसा."

त्या दिवसाआधी वडिलांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.