तळपायावरची टिचकी

वास्ता, म्हणजे बांबूचा कोंब, कोवळा की जून, हे माझी बायको टिचकी मारून सांगायची. त्या दुपारीही ओसरीवर बसून आम्ही कोंब सोलत होतो. मी सोलायचो, ती टिचकी मारायची आणि चिरायची. एक जून कोंब तिने माझ्या अंगावर फेकला. "हा तुमच्यासारखा हाये. किती उकडा, शिजत नाई."

मी म्हणालो, "मंग चाळीस वर्षं काऊन उकडून राह्यली?"

"ते जाऊ द्या. उद्या वनिताच्या पोरीचा सातवा दिवस हाये. सकाळीच जा लागते."

मग तिने पाणी मागितलं. मी तांब्या भरून आलो, तर ती खांबाला टेकलेली. श्वास नव्हता. मांडीवर अर्धा चिरलेला कोंब तसाच.

मी चौथी शिकलेला माणूस. जसं झालं तसं लिहितो.

आमची बुढी गावची आशा सेविका होती, ठरलेल्या दिवशी घरोघरी जाऊन नवी बाळं तपासायची. तुमच्या गावातही असेल एखादी. खांद्याला पिशवी घालून जाताना तुम्ही तिला पाहिली असेल, पण घरात शिरल्यावर ती काय करते ते पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे. टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या घरांची वाट रानातून जाते, वाघ असतो, म्हणून काठी घेऊन मी तिच्या मागे असायचो.

ती घड्याळ हातात घेऊन निजलेल्या बाळाच्या पोटाकडे बघायची आणि मिनिटभर श्वास मोजायची. तेवढ्यात कोणी बोललं तर डोळे वटारायची. मग काखेत थर्मामीटर. मग आईला पाजायला लावायची, बाळ ओढतं का ते बघायची. आणि सगळ्यात शेवटी तळपायावर टिचकी. बाळ भोकाड पसरायचं. आईचा जीव खालीवर व्हायचा आणि ही हसायची. "रडू दे माय. रडणारं लेकरू मले लय आवडते."

आधी ती टिचकी मारत नव्हती. आमच्या शेजारच्या वनिताला पहिला मुलगा झाला, तिथून ते सुरू झालं.

तो मुलगा दवाखान्यातून घरी आला तेव्हा रडतच नव्हता. नुसता निजून. वनिताची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लय गुणाचं लेकरू हाये, आवाज नाई त्याचा." आमच्याकडे असंच म्हणतात. हिनेही पाळण्यात पाहिलं आणि म्हणाली, "हो बाई, गुणाचं हाये." दुसऱ्या दिवशी त्याने दूध सोडलं, कण्हायला लागला. चंद्रपूरला नेईपर्यंत उशीर झाला.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी नंतर समजावून सांगितलं. गुणाचं नव्हतं, आजारी होतं. एक जंतू असतो, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. कितीतरी बायांच्या अंगात असतो, त्यांना कळतही नाही. बाळंतपणात तो बाळाला लागला तर कधी कधी बाळाच्या रक्तात शिरतो. पुढच्या वेळी कळा सुरू झाल्या की आईला लवकर आणायचं, सलाईनमधून औषध द्यायचं. बाळ जन्मायच्या चार तास आधी सुरू झालं तर उत्तम.

हिने ते नाव कागदावर लिहून घेतलं. एसटीत गावापर्यंत तेच घोकत आली. सासू वनिताला म्हणत होती, तूच काही खाल्लं असशील. ही तिच्यावर उखडली. "तिनं काही नाई केलं. चुकली असंन तर मी चुकली. मी पाहून आली होती ना."

त्यानंतर 'गुणाचं' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही.

वनिताला पुन्हा दिवस गेले. हिने तिच्या कार्डावर लाल पेनाने ते नाव लिहिलं. आणि यंदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, फटफटायच्या वेळेला वनिताचं पाणी गेलं. बाहेर लोक पळसाच्या फांद्या घेऊन मारबत काढत होते. घरातली रोगराई गावाबाहेर घालवायचा दिवस. हिने गाडी बोलावली, तर सासू दारात आडवी. "मारबतीच्या दिवशी पोटातलं लेकरू वेशीबाहेर नेत नाई."

ही म्हणाली, "मारबत जाऊन राह्यली ना बाहेर? तिच्याच मागं जातो आम्ही. तुम्ही पण बसा गाडीत, घरी राहून कोणाशी भांडान?"

गाडी वेशीवर अडकली. लोक ओरडत होते, खोकला घेऊन जाय गे मारबत, ताप घेऊन जाय गे मारबत. हिने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडली, "स्ट्रेप्टोकोकस घेऊन जाय गे मारबत." लोकांना काय समजलं देव जाणे, पण सगळी वेस तेच ओरडायला लागली. जसं जमेल तसं. वनिता कळांमध्येही हसत होती.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "बसा बाई जरा." ही म्हणाली, "बसायले नाई आली. हे कार्ड वाचा. पहिलं लेकरू यानंच गेलं." मॅडम आल्या, वाचलं आणि सलाईन लावलं. दुपार कलली, तेव्हा मुलगी झाली. तिचा आवाज व्हरांड्यात आम्हा सगळ्यांना ऐकू आला. सासू म्हणाली, "केवढी चिरकते." आमची बुढी पदर तोंडावर धरून रडत होती. तिला जिंकताना मी तेव्हा पाहिलं.

त्यालाच सात दिवस होत होते.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्या अंगणात लोक जमले होते. सिरोंच्याला दिलेली आमची लेक आली होती. तिरडी बांधून झाली. मी पिशवीतून घड्याळ काढलं आणि वनिताच्या घरी गेलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

सुतक होतं, म्हणून अंगणातच थांबलो. सासू दारात आली. मला वाटलं, हाकलते आता. मी म्हणालो, "बाई, आज सातवा दिवस हाये. मी शिवत नाई. लांबून मोजतो."

ती आत गेली आणि निजलेली पोर घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. दुपटं बाजूला केलं. मी मिनिटभर श्वास मोजले. चव्वेचाळीस. साठाच्या खाली म्हणजे बरोबर. दूध ओढते का, विचारलं. "सोडत नाई," वनिता आतून म्हणाली. थर्मामीटर लावायचा राहिला. तो मला वाचता येत नाही. तसं तालुक्याच्या नर्सबाईंना कळवा म्हणालो.

मग सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, ते एक राह्यलं." आणि तिने स्वतःच्या हाताने नातीच्या तळपायावर टिचकी मारली.

पोर अशी रडली की आमच्या अंगणातले लोक वळून बघायला लागले.

मी घरी आलो. म्हणालो, "उचला आता."