चॅनल दोन नापास

सरकारी कारखान्यातली पक्की नोकरी सोडून मी हैदराबादला नारायणगुड्याच्या एका खाजगी कंपनीत गेलो, तेव्हा बाजार नुकता खुला झाला होता आणि मला शिंगं फुटली होती. सहा महिन्यांची कच्ची नोकरी. त्यातले चार दिवस उरलेले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक माल तपासायला येणार, म्हणून मी उगाच उत्साहाने आमचा परदेशी ऑसिलोस्कोप तपासायला घेतला. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं हे यंत्र स्वतःची तपासणी स्वतःच करायचं. दोन बटणं दाबायची, की ते एकेक भाग पास का नापास ते सांगणार.

‘चॅनल दोन : नापास.’

पुन्हा दाबली. नापास. पाणी प्यायलो, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या, परत येऊन दाबली. नापास.

आमचे साहेब पिढीजात हैदराबादी मराठी. “हौ का नक्को, ते सांगा जी. मशीन परत पाठवायची तर फॅक्स आत्ताच करतो. मग मशीन बी गेली, तुमी बी.”

“दहा मिनिटं द्या, साहेब.”

“सकाळपासून दहाच मिनिटं चाललीत तुमची!”

शेवटी मॅन्युअल उघडलं. इतक्या वर्षांच्या अनुभवाला ते कमीपणाचं वाटत होतं. पहिलीच ओळ : तपासणीआधी सगळ्या वायरी काढा.

आमच्या वायरी दसऱ्याच्या पूजेपासून जागच्या हललेल्या नव्हत्या. परदेशी वस्तू, कुणी हात लावू नये म्हणून लाल धाग्याने बांधलेल्या. चॅनल दोनच्या वायरीचं टोक तर टेबलावरच्या चालू सर्किट बोर्डाला लावलेलं. वजनकाट्यावर पाय ठेवून मी काटा बिघडला म्हणत होतो.

धागा कापला, वायरी काढल्या, बटणं दाबली. पास. खात्री होईना म्हणून आणखी चारदा दाबली.

“काय खराब होतं?” साहेबांनी विचारलं.

‘लूज कनेक्शन’ जिभेवर आलं होतं. म्हणालो, “मी. वायरी न काढताच तपासत होतो.”

साहेबांनी कापलेला धागा उचलला. “ये तो मैंनेच बांधा था,” ते पुटपुटले आणि फॅक्सचा कागद घडी करून खिशात घातला.

नोकरी पक्की झाल्याचं पत्र शनिवारी मिळालं. धागा कापला त्या संध्याकाळी मात्र तारनाक्याला घरी येऊन बायकोला सांगितलं, “ऑफिसात सगळं ठीक.”

“मग पायात बूट घालून पाटावर का बसलात?” ती म्हणाली.