येळवसची भज्जी
इथं सुरतेत शेजाऱ्यांकडून डाळी-पालेभाज्या एकत्र शिजल्याचा वास आला की मला येळवसची, म्हणजे आमच्या लातूरकडं वेळ अमावास्येला शेतात पूजा करून जेवायच्या सणाची, भज्जी आठवते आन् जीव खालीवर होतो. आईला शुगर निघाली त्या वर्षी येळवसला शेतात सगळ्यांना वाढून ती स्वतः गोळी घेऊन उपाशीच बसली, आपल्याला यातलं काही चालत नाही म्हणून, आन् घामेजून कोसळली. लातूरच्या दवाखान्यात आहार सांगणाऱ्या ताईंनी रागावण्याऐवजी विचारलं, “मावशी, येळवसला काय काय करता?” आईनं भीतभीत सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, “खीर चवीपुरती, बाजरीचा वाफवलेला उंडा एकच, भज्जी पोटभर. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही.” “मंजी येळवस सोडायची न्हाई तर!” आई हसली. ताईंचे उपकार आहेतच, तरी दर येळवसला मी इथून फोन लावत राहतो. “हाव रे, तोंडात घासच हाय,” असं ती म्हणाली की मग मी माझा डबा उघडतो.