उन्हात वाळवलेली होडी

लग्न होऊन श्रीरामपूरहून शेवगाव तालुक्यातल्या सासरी आले, तेव्हा आमच्या अंगणात होडी बांधणं चाललं होतं. नदी मैलभर लांब आणि अंगणात होडी! माप ओलांडताना माझी नजर तिच्यावरच. पाय असा काही लागला की माप थेट होडीखाली गेलं.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. धरणाचं पाणी आपल्या तालुक्यात चढणार, मासेमारीला आणि पैलतीराला जायला होड्या लागणार, म्हणून सरकारने गावच्या सुतारांना होडीबांधणी शिकवायला घेतली होती. लाकूड सरकारचं, शिकणाऱ्यांना भत्ता, आणि शिकवायला कोकणातले एक मिस्त्री. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बैलगाडीची चाकं करायचे. पण टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकाला गिऱ्हाईक उरेना. पहिली होडी तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांसमोर तरली, तर गावात होड्यांचा कायमचा कारखाना निघणार होता. नाही तर मामंजींना उतारवयात साखर कारखान्यावर हमाली.

होडी पुरी झाली आणि मिस्त्री भाच्याच्या लग्नाला कोकणात गेले. मामंजींनी विचार केला, गाडीचं लाकूड जितकं वाळेल तितकं चांगलं, मग होडीचं का नको? वैशाखाच्या उन्हात त्यांनी ती उघडी टाकली. रोज संध्याकाळी तिला टिचकी मारून खूश व्हायचे, "कशी खणखणीत वाजतीय!"

मिस्त्री परतले. होडीच्या फळ्यांमधून त्यांना पलीकडे बांधलेली आमची शेळी दिसली.

"अहो, होडी वाळत घातलीत? पापड आहे काय तो?"

"आता वो?" मामंजींनी फटीत बोट घालून पाहिलं.

"आता तिच्यात पाणी भरा. लाकूड फुगेल, फटी मिटतील. परवा साहेब येतायत!"

मामंजींनी कपाळावर हात मारला. "सैल झालेलं चाक आमी डोहात टाकतो की! चाकाला सुचतं ते होडीला कसं न्हाई सुचलं?"

"होडीला बैल जुंपत नाहीत ना, म्हणून," मिस्त्री म्हणाले.

साऱ्या आळीच्या बायका घागरी घेऊन लागल्या. पाणी वरून ओतावं आणि खालून वाहून जावं. शेजारची म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "होडी पान्यात जाती म्हनं. हितं तर पानीच होडीत चाललंय!" पण दुसऱ्या दिवशी गळती मंदावली, आणि साहेब यायच्या दिवशी सकाळी होडी काठोकाठ भरून राहिली. साहेबांची जीप दारात थांबली, तेव्हा शेजारच्या दोन म्हशी सरकारी होडीत तोंड घालून आरामात पाणी पीत होत्या.

"ही होडी आहे की हौद?" साहेबांनी विचारलं.

मामंजी म्हशी हाकायला धावले. मिस्त्रींनी वाकून होडीखालची माती उचलली आणि फुंकली. धूळ उडाली.

"बघा साहेब, कोरडी. बाहेर येत नाही ते पाणी आत कुठून येईल?"

"ते नदीवर कळेल."

होडी रिकामी करून डोहावर नेली. तिथे मामंजी अडून बसले. नवी गाडी पहिल्यांदा रिकामी हाकायची नाही, घरच्या नव्या सुनेला तीत बसवायचं, हा त्यांचा रिवाज. होडी झाली म्हणून काय रिवाज मोडायचा? मला पोहता येत नव्हतं. पण ते सांगणार कसं? सासऱ्यासमोर नव्या सुनेने तोंड उघडायचं नाही, हाही रिवाजच!

मिस्त्रींनी वल्हं मारलं. साहेब काठावर, मामंजी गुडघाभर पाण्यात.

"सूनबाई, पाय वले झाले का गं?"

मी खाली पाहिलं. मग काठाकडे पाहिलं. सारं गाव श्वास रोखून माझ्याकडे बघतंय. असा रंगमंच बाईच्या वाट्याला कधी येतो? मी सावकाश पैंजण सावरले. एक तळवा फळीवर फिरवला. मग दुसरा.

मामंजींनी पाण्यातच हात जोडले. "बोल की, पोरी! आज बोललीस तरी चालंल!"

"कोरडे हायेत, मामंजी!"

पलीकडच्या काठालाही ऐकू गेलं असेल. साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि होडी काठाला लागताच मला सरकून बसायला सांगितलं. कारखान्याच्या मंजुरीचा कागद पुढे यायचा तेव्हा आला. मामंजींनी मात्र त्या बुटांकडे बघून तिथल्या तिथे नारळ फोडला.